पणजीचं नाव लिहिण्यावाचून कोणाचं अडलं होतं?

पत्र

वडिलांच्या आजीबद्दल, म्हणजे माझ्या पणजीबद्दल लिहिते आहे. मंद्रूपकडच्या एका गावात तिला दिलं होतं, माहेर तुळजापूर तालुक्यातलं. नवरा साथीत गेला, दिरांशी पटेना, म्हणून दोन लहान मुलं घेऊन ती सोलापूरला आली आणि जुन्या गिरणीत कामाला लागली, एवढं घरात सगळे सांगतात. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉमध्ये तिला पकडून नेलं होतं असं आत्या सांगायच्या. थोरले काका म्हणतात, तसलं काही झालेलं नाही. काका आज ८४ वर्षांचे आहेत. ते दुसरीत असताना ती गेली. गड्ड्यातून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, आणलेली शिट्टी सुतकामुळे वाजवू दिली नाही, हे त्यांना पक्कं आठवतं.

माझ्याकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर जन्मतारीख १ जून १९१५. मोडीतले काही कागद आहेत आणि एक पितळी घागर. घागरीवर ठिपक्या-ठिपक्यांनी ‘सौ.’, पुढे पणजीचं नाव, पणजोबांचं नाव आणि ‘शके १८३९’ असं कोरलंय. प्लेग तर १८९७ चा, मग हे जुळत नाही. वडील म्हणतात, जुनी मढी कशाला उकरतेस, भावकीला वाटेल जमीन मागायला आलीस. सुरुवात कुठून करू? तिचा खरंच काही माग लागेल का?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, माग लागेल. सगळा नाही, पण आज तुमच्या हातात आहे त्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्यासाठी एक गोष्ट आधी मनात पक्की करा. कुठल्याही कचेरीनं तुमच्या पणजीची हकीकत लिहून ठेवलेली नाही. कचेरी नाव लिहिते ते तिचं काम अडतं म्हणून. सारा कोणाकडून घ्यायचा, मेलेल्याच्या जागी वारस कोण लावायचा, मूल शाळेत कोणाच्या जबाबदारीवर घ्यायचं, गावात कोण मेलं याची वर्दी वर द्यायची. तेव्हा ‘पणजीची माहिती कुठे मिळेल?’ असं कोणालाही विचारू नका, त्या प्रश्नाला कोणत्याच टेबलावर उत्तर नाही. तिच्या आयुष्यातला एकेक प्रसंग घ्या आणि विचारा, या वेळी तिचं नाव लिहिण्यावाचून कोणाचं अडलं असेल? त्या काळच्या विधवा बाईचं नाव बहुतेक वेळा पुरुषाच्या नावाच्या आडोशाला असतं. नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदात, मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात, दिराच्या नावापुढच्या शेऱ्यात. तिथेच तिला शोधायचं.

घागरीपासून सुरू करू, कारण तुमच्याकडचा सगळ्यात बोलका कागद तोच आहे. शके १८३९ म्हणजे १९१७ च्या गुढीपाडव्यापासून १९१८ च्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं वर्ष. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे. त्या वर्षी तिच्या नावाआधी ‘सौ.’ कोरलंय, म्हणजे पणजोबा तेव्हा हयात होते. १८९७ चा प्लेग तुमच्या हिशेबातून गेला. पण घागर उन्हात नेऊन, गळ्याखालचा भाग चिंचेनं नव्हे तर नुसत्या ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा एकदा पाहा. नावाच्या शेवटी ‘यांजकडून’ किंवा ‘यांस’ असं काही आहे का? आहेरात दिलेल्या भांड्यावर पुष्कळदा देणाऱ्याचं नाव असतं. ‘यांजकडून’ असेल तर ही घागर तिनं कोणाला तरी द्यायला घेतली आणि दिली नाही, किंवा पुढे ती परत घरात आली. ‘यांस’ असेल तर ती तिला मिळाली, आणि कोणाकडून हे खाली बुडाशी कोरलेलं असू शकतं. ठिपक्यांची अक्षरं घासून बुजतात. बोटानं चाचपा, बाजूनं बॅटरीचा उजेड टाका, फोटो काढा.

आता साथ कोणती? १९१८ च्या सप्टेंबरपासून पुढचे दोन-तीन महिने इन्फ्लुएंझानं, लोकांच्या तोंडी मानमोडीनं, मुंबई इलाख्यात गावंच्या गावं आडवी केली. घागरीच्या तारखेला ती फार जवळची आहे. तरी लगेच ‘पणजोबा मानमोडीत गेले’ असं लिहून टाकू नका. प्लेगही त्या वर्षांत येत-जात होता. काकांना विचारा, घरात ‘रोग आला’ म्हणत की ‘ताप आला’ म्हणत? लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले होते असं काही कानावर होतं का? उंदीर पडले की गाव सोडायचं, ही आठवण प्लेगची.

म्हणजे पहिली फेरी काकांकडे. बाकी सगळे कागद सहा महिन्यांनीही तिथेच असतील. दुपारची झोप झाल्यावर जा, मोबाईल समोर ठेवून, त्यांना सांगून रेकॉर्डिंग करा. ‘कोणत्या साली?’ हा प्रश्न विचारू नका. म्हातारं माणूस एक तर गप्प होतं, नाही तर तुमचं मन राखायला काहीतरी साल सांगतं. प्रसंगाला धरून विचारा. रझाकारांच्या गडबडीत ती होती का? गांधीजींची बातमी आली तेव्हा ती घरात होती का? तिला कोणी ‘अव्वा’ म्हणायचं का? तिच्या माहेरचं कोणी यायचं का, आणि येताना काय आणायचं? ती कानडी बोलायची का? आणि मार्शल लॉच्या गोष्टीवर त्यांच्याशी वाद घालू नका. ‘तसं काही नव्हतं’ असं ते का म्हणतात, तेवढं विचारा. त्यांना कोणी सांगितलं, की नुसतं कधी ऐकलं नाही म्हणून?

त्या शिट्टीनं तुमचं मोठं काम केलंय. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीची, गड्डा त्यानंतरही भरलेला असतो. म्हणजे पणजी जानेवारीत किंवा फेब्रुवारीत गेली. काका दुसरीत होते. आता काकांच्या प्राथमिक शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली त्यांची नोंद काढा. पहिलीत कोणत्या जूनमध्ये आले आणि दुसरी कधी संपवली ते कळलं की दुसरीतला जानेवारी एकच उरतो. एखादं वर्ष नापास झाले असतील तर दोन. एवढं हातात घेऊन महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जा. महानगरपालिका १९६४ ची, पण त्याआधीची नगरपालिकेची मृत्यूची रजिस्टरंही तिथेच विचारायची. अर्जात वर्ष, महिना, ती राहत होती ती पेठ, आणि नाव चार तऱ्हांनी लिहा. आपल्या या सीमेवरच्या भागात गावात जी गौरव्वा असते ती शहरातल्या कारकुनाच्या वहीत गौराबाई होते. आडनावाचंही तेच. गावात एक, आणि गिरणीत कोणी गावाच्या नावावरून दुसरंच लावलेलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याच्या १७ व्या कलमानं कोणालाही फी भरून नोंद शोधून मागता येते. नोंद सापडली नाही तर ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्या आणि तेही जपून ठेवा. कोणती वर्षं शोधून झाली हे त्यावरच राहतं, नाही तर दोन वर्षांनी तुमचाच भाचा तीच वर्षं पुन्हा शोधत बसेल.

मृत्यूच्या नोंदीत वय लिहिलेलं असेल. ते अंदाजानं सांगितलेलं असतं, पाच-सात वर्षं इकडे-तिकडे धरा. वर्दी देणाऱ्याचं नाव मात्र नीट वाचा. आजोबांच्या ऐवजी शेजारच्या कोणाचं असेल तर ती कोणत्या चाळीत, कोणाच्या आधारानं राहत होती हे त्यातून कळेल.

आता गाव. पणजोबांच्या मृत्यूची नोंद दोन ठिकाणी असायला हवी. पहिली म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहीत, आणि ही जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. दक्षिण सोलापूरच्या तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करा. गावाचं नाव, नमुना १४, आणि १९१७ ते १९२० ही वर्षं एवढं स्पष्ट लिहा. समोरचा विचारील, ‘जात पडताळणीला का जमिनीच्या वादाला?’ कारण त्या खोलीत येणारा प्रत्येक जण या दोनपैकी एका कामाला आलेला असतो. ‘घरचा इतिहास लिहायचाय’ असं सरळ सांगा. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कोतवाल बुकं, हक्कनोंदी, शाळांची रजिस्टरं चाळली गेली. त्या निमित्तानं पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं बांधून पडलेली गाठोडी सुटली आणि स्कॅनही झाली. तुमच्या गावाची झाली आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

कोतवाल बुकात ‘मानमोडी’ असा शब्द मिळेल अशी आशा धरू नका. १९१८ च्या शरदातले मृत्यू खेड्यांतून बहुतेक ‘ताप’ या एका शब्दाखाली गेले. पण पान उलटताना ओळी मोजा. एरवी एका महिन्याला दोन-तीन मृत्यू लिहिणाऱ्या वहीत एकाएकी पानभर ‘ताप, ताप, ताप’ दिसायला लागलं आणि त्यात पणजोबांचं नाव असलं, तर साथीचा प्रश्न तिथेच संपला. त्याच पानावर आडनाव ओळखीचं वाटणारं आणखी कोणी आहे का तेही पाहा. साथीत एका घरातली एकाहून जास्त माणसंही जात. पणजी ‘दोन मुलं घेऊन’ आली, हे सगळे सांगतात. मुलं दोनच होती का, हे कोणी सांगत नाही. जन्माच्या पानावर मुलाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून पणजोबांच्या नावानं १९१० पासूनचे जन्म पाहा आणि मग मृत्यू पाहा. तुमच्या घराला ठाऊक नसलेलं एखादं लेकरू त्या दोन पानांच्या मध्ये असू शकतं. तेवढी मनाची तयारी करून जा.

दुसरी नोंद वारसाच्या फेरफाराची, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या शोधात सोनं कुठे असेल तर इथे. १९०३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत आली, त्यामुळे १९१८ च्या सुमाराला जमीनवाला माणूस मेला की त्याच्या जागी कोण, हे लिहिणं सरकारला भाग होतं. पणजोबांची जमीन वेगळी झालेली असेल तर मुलांची नावं लागतील, आणि मुलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून पुढे ‘अ. पा. क.’ आणि एका बाईचं नाव येईल. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ती बाई तुमची पणजी असेल तर नवऱ्याच्या पश्चात तिचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर येण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. जमीन एकत्र असेल तर थोरल्या दिराचं नाव ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागेल आणि पणजीचा उल्लेखही नसेल. त्यावरून ‘दिरांनी नाव लावू दिलं नाही’ असा निकाल लगेच देऊ नका. विधवेला नवऱ्याच्या हिश्शात कायद्यानं काही मिळायला लागलं ते १९३७ पासून, आणि तेही हयातीपुरतं. पूर्ण वारस ती झाली १९५६ च्या कायद्यानं. १९१८ मध्ये दीर भला माणूस असता तरी कागद तसाच झाला असता. दोन्ही मुलांची नावं पुढे सज्ञान झाल्यावर लागली का, हा खरा प्रश्न. ते नंतरच्या, १९३० च्या दशकातल्या फेरफारांत दिसेल. भांडण होतं की नव्हतं हे तिथे कळेल, घरच्या गोष्टींवरून नाही.

हा फेरफार शोधायचा कसा? आजपासून मागे जायचं. भावकीच्या आजच्या शेताचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्यावर नावाजवळ फेरफारांचे नंबर असतात, जुन्या हातानं लिहिलेल्या उताऱ्यांवर ते वर्तुळात. तो फेरफार काढला की त्यात त्याआधीच्या मालकाचं नाव, मग त्याच्या नावाचा जुना सातबारा, त्यावरचं वर्तुळ, असं एकेक पायरी मागे. कंसात गेलेली नावं सोडू नका, कंस म्हणजे ते नाव कमी झालं, आणि तुम्हाला तीच नावं हवी आहेत. मध्ये एक अडथळा येईल: जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे गटवारीच्या कागदावरून कळतं, ते तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागा.

वडिलांचं म्हणणं इथे आडवं येतं, आणि ते चुकीचं नाही. तुम्ही न सांगता गावच्या जमिनीचे शंभर वर्षांचे फेरफार काढायला लागलात तर ती बातमी तुमच्याआधी गावात पोहोचेल, आणि मग भावकीतलं कोणीही तुमच्याशी धड बोलणार नाही. म्हणून तहसीलला जाण्याआधी गावाला जा. वडिलांना बरोबर न्या. सगळ्यात वडीलधाऱ्या चुलत्यांच्या घरी बसा, घागरीचा फोटो दाखवा, काय शोधताय आणि काय मागत नाही हे दोन्ही सांगा. जे कागद निघतील त्याची एक झेरॉक्स तुमच्या घरी आणून देईन असं कबूल करा आणि पाळा. तुमच्या मनात जमिनीचा विचार असेलच, तर तो आजच स्वतःशी कबूल करून आधी वकिलाकडे जा, पण मग त्याला पणजीचा शोध म्हणू नका. नसेल, तर भावकी हीच तुमची मोठी मदत आहे. त्या घरातही कोणाच्या तरी आजीनं ‘शहरात गेलेल्या जावे’ची गोष्ट सांगितलेली असणार, आणि ती तुमच्या घरातल्या गोष्टीपेक्षा वेगळी असणार. ती ऐकायला मिळाली तर फार ऐकलं म्हणा.

गावात असताना हेळव्यांची चौकशी करा. सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे हेळवी आपल्या आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांना परके नाहीत. तुमच्या भावकीचे ठरलेले हेळवी कोणत्या गावचे आणि शेवटचे कधी आले, हे चुलत्यांना ठाऊक असेल. काही वह्यांत सुना कोणत्या घरच्या हेही लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. घरात वारी असेल तर पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्याही तशाच, गावाच्या आणि आडनावाच्या नावानं उघडतात. वहीवाल्याला दक्षिणा द्या, पान वाचताना मध्ये बोलू नका, आणि वाचून झाल्यावर पानाचा फोटो घेऊ का हे विचारा.

माहेरकडची वाट मला अवघड दिसते. तुळजापूर तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता, १९४८ पर्यंत. मंद्रूप इंग्रजांकडे. म्हणजे लग्न होऊन ती तीसेक कोसांच्या आतच पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली. तिकडचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुलाचं. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. चौकशी आता धाराशिव जिल्ह्यात करायची. मुलीचं नाव बापाच्या जमिनीत लागण्याचा तो काळ नव्हता, म्हणून तिकडच्या कचेऱ्यांत वेळ घालवण्याआधी हेळव्यांकडून माहेरचं आडनाव आणि गाव पक्कं करून घ्या.

आजोबांच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख सोडून द्या. वय अंदाजानं धरून शाळेच्या सोयीनं जूनची पहिली तारीख टाकायची, हे आपल्याकडच्या लाखो दाखल्यांवर झालंय. साल मात्र पूर्ण टाकाऊ नाही, एक-दोन वर्षं मागेपुढे धरा. दाखल्यापेक्षा शाळेचं जनरल रजिस्टर पाहणं महत्त्वाचं, कारण दाखल्यावर त्यातले मोजकेच रकाने उतरतात. रजिस्टरात पालकाचं नाव, पालकाचा धंदा, राहण्याचं ठिकाण, आधीची शाळा असे रकाने असतात. वडील वारलेले, म्हणजे पालक म्हणून कोणाचं तरी नाव लिहिणं मास्तरांना भाग होतं. तिथे ‘आई, गिरणीत’ असं लिहिलेलं निघालं तर कामाचा पुरावा शाळेतून मिळाला. आधीची शाळा गावची असेल तर ती शहरात कधी आली हेही कळेल.

गिरणीबद्दल मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ पासूनची, आणि बंद पडूनही आता पिढ्या झाल्या. १९२० च्या दशकातलं मस्टर हाती लागणं कठीण. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, तो तिच्यानंतरचा. आजोबा गिरणीत असतील तर त्यांच्यासाठी विचारा. काकांना एवढं विचारा की ती कोणत्या खात्यात होती. बायका बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंगला असत. तिचं नाव नसलं तरी तिचे दिवस कसे होते ते मात्र छापलेलं आहे: १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून अहवाल काढला होता. धान्य, भाडं, कर्ज, सगळं त्यात आहे. शिरगणतीच्या मागे लागू नका. माणसामाणसाची नावं असलेले ते कागद कायद्यानं गुप्त असतात, पाहायला मिळत नाहीत.

आणि मार्शल लॉ. सोलापूरच्या घराघरात ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती जपून हाताळायला हवी. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा लागला, मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, ८ मेला गोळीबार झाला, चार दिवस इंग्रजांचा अंमल जवळजवळ उठला, आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा. गांधी टोपी घातली म्हणून लोकांना धरलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. पणजी तेव्हा तिशीच्या आसपासची, गिरणीतली बाई. तिला धरलं असेल यात अशक्य काही नाही.

खटला होऊन शिक्षा झाली असेल तर कागद असणार. मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात गृह विभागाच्या त्या काळातल्या फायली आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या फुकट शोधता येतं. त्यात ‘शोलापूर’ असं जुन्या स्पेलिंगनं, १९३० साल टाकून पाहा. मे-जून १९३० चे ‘केसरी’चे अंक पाहा. शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांची चौकशी करा. पण एक रात्र चौकीत बसवून सोडून दिलं असेल, किंवा संचारबंदीत कामावरून येताना अडवलं असेल, तर कोणी काही लिहिलेलं नसणार, आणि घरात मात्र ‘पकडून नेलं होतं’ एवढंच राहणार. तसं असेल तर आत्याही खऱ्या आणि काकाही खरे. कागद मिळाला नाही तर वंशावळीत लिहा: ‘१९३० मध्ये पकडलं होतं असं आत्या सांगत, कागद मिळालेला नाही, अमुक फायली पाहिल्या.’ ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द मात्र कागदाशिवाय लावू नका. ज्यांनी त्या सात आठवड्यांत खरोखर फटके खाल्ले त्यांच्यासाठी तो राखून ठेवलेला बरा.

मोडी कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ते ज्या घडीत, ज्या क्रमानं सापडले तो क्रम लिहून ठेवा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून नवख्याला नुसती एक लांब ओळ दिसते. पण साल, गावाचं नाव आणि पहिली ओळ कोणीही जाणकार दहा मिनिटांत सांगेल. आधी तेवढंच विचारा. चारांपैकी तीन सावकाराच्या पावत्या निघाल्या आणि एकच महत्त्वाचा, असं होतं, मग सगळ्यांचं वाचन करून घेण्याचा खर्च वाचतो. सावकाराची पावतीही फेकू नका. जामीन म्हणून कोण राहिलं ते त्यावर असतं, आणि शहरात एकट्या बाईला जामीन राहणारा माणूस कोण हे तुम्हाला कळायला हवं.

शोधात असंही काही निघू शकतं की जे घरात कोणी बोललं नाही. तिनं पुढे पाट लावला असेल, एखादं मूल दुसऱ्याला दिलं असेल, गाव सोडण्याचं कारण सांगतात त्याहून वेगळं असेल. ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी काकांना आणि वडिलांना एकांतात सांगा. ती त्यांची आजी आहे, तिच्या मांडीवर ते खेळलेत. त्यांनी ‘हे लिहू नको’ म्हटलं तर ते असेपर्यंत लिहू नका, नोंद मात्र तुमच्या वहीत तारखेसह असू द्या.

कचेऱ्यांची कामं मार्चअखेरीला टाळा. आधी साधा नकलेचा अर्ज, पोच घेऊन. महिनाभरात हालचाल नसेल तरच दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तोही ‘पणजीची माहिती’ असा नको. गाव, नमुना, वर्ष लिहून ‘या रजिस्टरची पाहणी करू द्यावी’ असा करा. आणि फेरफाराची मोडी नक्कल हातात आली की तिचा फोटो मला जरूर पाठवा. पानाच्या चारही कडा दिसतील असा काढा, शेवटच्या रकान्यातला शेरा कापला जाऊ देऊ नका.